पट्टा सरकला की बंब गळला

आप्पालाल, आज पहाटे मोटारीचा बंब उतरवला. पंख्याचा पट्टाही काढला. दोन्ही माझ्या भट्टीशेजारच्या फळीवर ठेवले आणि उजाडेपर्यंत मी नुसता त्यांच्याकडे बघत बसलो. तू असतास तर तेव्हाच ओरडला असतास, "बघतोस काय तांबटा? कामाला लाग की! बघून झाळ बसती व्हय?"

तू गेल्यावर माणसं आली, बसली, बोलली. कुणी म्हणालं देवमाणूस गेला. कुणी म्हणालं, मुंगीलासुद्धा कधी दुखवलं नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो. देवमाणूस आणि तू! शाहूपुरीत स्टेशनाबाहेर एका उतारूसाठी टांगेवाल्यांशी घसा फुटेस्तोवर भांडायचास. उतारू घाबरून पायी निघून जायचा आणि तू वर मलाच म्हणायचास, "तुज्यामुळं गेला बघ पावणा. तोंड आंबट करून हुबा ऱ्हातोस." मुंगीचं मला माहीत नाही. मला मात्र तू रोज दुखवलंस, आणि मीही तुला सोडलं नाही. आपण दोघं भांडलो नाही असा दिवस सुना जायचा.

भांडण एकच. तेच, तसंच, वर्षानुवर्षं. कोणी नवखा हे वाचत असेल तर त्याला सांगायला हवं. इंजिन तापतं, त्याचं कढत पाणी पुढच्या जाळीच्या टाकीत येतं, पंख्याच्या वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात जातं. त्या टाकीला साहेबाच्या भाषेत रेडिएटर म्हणतात. आपण त्याला बंबच म्हणायचो. न्हाणीघरात पाणी तापवायचे बंब माझ्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ठोकले. हा पाणी निववायचा, एवढाच काय तो फरक. पंखा फिरतो तो पट्ट्यावर. पट्टा चामड्याचा, म्हणजे तुझा, कारण तुझं घराणं सराजांचं, घोड्यांची खोगिरं नि लगाम शिवणारं. बंब तांब्यापितळेचा, त्याचे सांधे कथलानं झाळायचे, म्हणजे माझा. तेव्हा मोटार वाटेत तापली की दोघांतल्या एकाची चूक असणार हे उघड होतं. पट्टा सरकला की बंब गळला? कोल्हापुराहून उतारू घेऊन आपण जायचो त्या मलकापूरच्या वाटेवर असं एक झाड नसेल ज्याच्या सावलीत आपण या प्रश्नावर एकमेकांची आई-बहीण काढली नाही.

आणि हे सगळं तुझ्या डोक्यातून निघालेलं. दरबारची पागा तेव्हाही भरलेली होती, पण बाकीच्या बड्या लोकांच्या दारातली घोडी कमी व्हायला लागली होती. तू माझ्या दुकानी येऊन बसायचास आणि म्हणायचास, "खोगीर मागायला कुत्रं बी येत न्हाय." एक दिवस आलास तो धावतच. कुणा इनामदाराची जुनी मोटार गोठ्यात पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. "घेऊया," म्हणालास. मी म्हटलं, "आपल्याला मोटारीतलं काय कळतंय?" तू म्हणालास, "तिला पट्टा हाय, बंब हाय. निम्मी मोटार आपलीच की!" उरलेली निम्मी कुणाची, हे विचारायचं मला सुचलं नाही. आजवर मी जे जे शहाणपणाचं म्हणून नाकारायला हवं होतं, ते ते तुझ्या नादानं केलं. त्यातलं निम्मं फसलं. उरलेल्या निम्म्यावर माझं घर उभं आहे.

पहिला पट्टा तू शिवलास तो आठवतोय? घोड्याच्या पोटाखाली आवळायचा तंग शिवतात तसा. जोडावर चामड्याचे तीन थर, वरून दुहेरी टाके. "हत्ती बांधला तरी तुटायचा न्हाय." तुटला नाहीच. पण तो गाठीसारखा जोड चाकावरून गेला की धप्प, परत फिरून आला की धप्प. शाहूपुरीतल्या पोरांना वाटलं मोटारीत कुणी ढोल घेऊन बसलंय. मी हसून हसून रस्त्यावर बसलो. तू मला पोटभर हसू दिलंस, कारण माझी पाळी यायची होती हे तुला पक्कं ठाऊक असावं.

माझी पाळी आली. तांब्याचं भांडं म्हटलं की आधी कल्हई, हे माझ्या हाताला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. बंब आतून काळा दिसला, मला राहवलं नाही. नवसागर टाकला, कथील वितळवलं, ओतलं आणि बंब असा फिरवला की बघणाऱ्यानं वाहवा करावी. आतल्या बोरूएवढ्या नळ्या कथलानं गच्च बसल्या. पाणी वरून ओतलं ते वरच राहिलं. तू नळीला डोळा लावून बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, "तांबटा, ह्यात आता आमटी कर. कळकायची न्हाय." महिनाभर पेठेत मला कुणी नावानं हाक मारली नाही. कल्हईवाला मोटारवाला, हेच माझं नाव झालं.

तरी तू मला टाकून दुसरा तांबट बघितला नाहीस. मीही दुसरा सराज बघितला नाही. आज मला वाटतं, आपल्या भागीचा करार त्या दिवशी झाला. कागदावर कधी झालाच नाही.

हळूहळू आपण शिकलो. तू जोड तासून, दोन्ही टोकं निमुळती करून एकावर एक बसवायला लागलास. मग पट्टा चाकावरून असा जायचा की बोट लावलं तरी जोड कळू नये. नवा पट्टा ताणतो, हेही तुला ठेचा खाऊनच कळलं. तेव्हापासून पट्टा बसवायच्या आधी तू तो आढ्याला बांधायचास आणि खाली घरातला वरवंटा टांगायचास. जे काही ताणायचं ते घरीच ताणून घे, म्हणायचास, वाटेत नखरे नकोत. दोन दिवस वरवंटा हवेत, आणि वहिनीची चटणी अडलेली. "ह्यांच्या मोटारीपायी आमी अळणी खायाचं," असं वहिनी दारातून मला ऐकवायची. मग तीच एरंडेलाची वाटी आणून पट्ट्याला आतून चोळायची. तू ओट्यावर बसून सांगायचास, कुठं जास्त, कुठं कमी. तिचा डावा हात भरभर चालायचा. तेव्हा मी त्या हाताकडे कशाला लक्ष देतोय!

लढाईच्या दिवसांत रबरी नळ्या मिळेनात. इंजिन आणि बंब यांना जोडणारी नळी चिरली, तेव्हा तू म्हणालास, "पखालीत पाणी ऱ्हातंय की न्हाई? मग नळीत का ऱ्हाणार न्हाई?" आणि चामड्याची नळी शिवलीस. देखणी शिवली होतीस, खोटं कशाला बोलू. पण पखालीतलं पाणी गार असतं, आणि कढत पाण्यात चामडं शिजतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पन्हाळ्याच्या फाट्यापुढच्या चढणीवर मोटार थांबली. त्या दिवशी मोटारीत सोवळंओवळं पाळणारे एक शास्त्रीबुवा होते. बराच वेळ थांबून पाणी निवत आल्यावर तू झाकण उघडलंस, बुवा कुतूहलानं वाकले, आणि नळीनं फुटायला नेमका तोच मुहूर्त साधला. बुवा डोक्यापासून धोतरापर्यंत न्हाले.

"हे पाणी कशातून आलं?" बुवांनी विचारलं. मी खुणेनं तुला सांगत होतो, बोलू नकोस. पण गप्प बसेल तो आप्पालाल कसला?

"चामड्यातनं, बुवा. पर आंगूळ झाली की नव्हं, आन ती बी ऊन पान्यानं!"

मला वाटलं, आज आपली मोटार बंद. बुवा ओढ्यावर गेले, बुडी मारून ओलेत्यानं आले, आणि तुझ्या शेजारीच बसून म्हणाले, "चला. परत उडालं तर पुढचं स्नान मलकापुरात करीन." पुढं ते जाताना येताना आपलीच मोटार धरायचे. मी तांब्याची नळी ठोकून दिली, दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. ती अजून चालते. त्या नळीच्या जिवावर मी तुला पुष्कळ दिवस डिवचलं.

तेव्हा तू हरायचास, आप्पालाल. हे मला आज मुद्दाम लिहायचंय. पट्टा खरंच सरकला असला तर थोडा वेळ आरडाओरडा करायचास, मग पट्टा हातात घेऊन उलटासुलटा बघायचास आणि मोकळेपणानं म्हणायचास, "व्हय गड्या, माजंच चुकलं. पाठीचं चामडं घ्यायचं सोडून पोटाचं घेतलं." मलाही मग माझी झाळ सुटलेली दिसायची आणि मी कबूल करायचो. संध्याकाळी तुझ्या ओट्यावर सगळ्या गल्लीसमोर निकाल लागायचा. आतून वहिनी विचारायची, "आज कोन हारलं?" हरलेल्यानं भजी आणायची.

मग ती तापाची साथ आली. तू त्यातून उठलास, हीच मोठी गोष्ट होती. पण उठलास तो उजवा हात थरथरता घेऊन. चहाची बशी धरलीस तरी निम्मा चहा सदऱ्यावर. काही दिवसांनी तू मोटारीचं चाक माझ्या हातात दिलंस. "मला आता झोप येती, तूच चालीव," म्हणालास आणि वाटभर टक्क जागा राहून मला शिव्या दिल्यास. चाक दिलंस, पण चामडं शिवायची आरी कुणाला दिली नाहीस. पट्टे ठरल्या वेळी तयार व्हायचे. इतर मोटारवालेही तुझ्याकडूनच न्यायचे. उलट आता ते आधीपेक्षा जास्त टिकायला लागले होते.

मला कळायला वेळ लागला नाही. आमचा धंदा नजरेचा आहे. कुठल्या हाताचा ठोका हे भांड्यावर दिसतं. तुझे टाके उजवीकडे कललेले असायचे. नव्या पट्ट्यांचे टाके डावीकडे कललेले, आणि तुझ्यापेक्षा बारीक. तुझ्या घरात डावरं माणूस एकच होतं.

मी बोललो नाही. सराजाच्या गल्लीत बाईमाणसानं एरंडेल चोळलं तर चालतं, आरी हातात घेतलेली चालत नाही, हे मला माहीत होतं. बाकीच्या मोटारवाल्यांना कळलं असतं तर पट्टा तोच, पण त्यांना तो लगेच कच्चा वाटायला लागला असता. आणि तुझा हात गेला हे चारचौघांत तुझ्या तोंडावर कोण म्हणणार? मी तरी नाही. वाटलं, तुझा मान जपायला तू हे झाकतोयस, तर आपणही झाकावं.

पण मला एक कोडं पडलं. त्या दिवसापासून तू हरायचाच बंद झालास. पट्टा डोळ्यांदेखत सरकलेला असला तरी तू कबूल करेनास. "पट्ट्याला काय झाल्यालं न्हाय! तुजा बंब बघ." चढणीवर पट्टा सैल पडून पंखा नुसता डुलतोय, आणि तू माझ्या अंगावर धावून येतोयस. मला राग यायचा. म्हणायचो, हा आजारातून उठला तो हेकट होऊनच. स्वतःच्या पट्ट्याची चूक हसत कबूल करायचा, आणि आता जो पट्टा याचा नाहीच...

आणि तिथंच माझ्या डोक्यात दिवा पेटला म्हण, भट्टी पेटली म्हण. पट्टा तुझा होता तोवर तू हरत होतास. तिचा झाल्यावर हरायचा तुला हक्कच वाटत नव्हता. ती आत बसलेली, चूक झाली तर तिला ओट्यावर येऊन चार शब्द सांगता येणार नाहीत, मग तिच्या वतीनं हार मानणारा तू कोण? हे तू कधी बोलला नाहीस, पण मी तुला इतकी वर्षं ओळखतो. मी झाकत होतो ते तुझ्या मानासाठी. तू झाकत नव्हतास, तू तिची वकिली करत होतास.

मग मी हरायला लागलो. तू "बंब गळला" म्हणालास की थोडी कुरकुर करून म्हणायचो, "व्हय बाबा, गळला." ओट्यावर येऊन मोठ्यानं सांगायचो, आतपर्यंत ऐकू जाईल असं. भजी आणायचो. गल्ली म्हणायची, तांबट म्हातारा झाला, याची झाळ टिकेना. म्हणू देत. आतून "आज कोन हारलं?" येईनासं झालं होतं, पण भजी आत गेली की बांगड्या वाजायच्या, आणि तू माझ्याकडे न बघता मिशीत हसायचास. तुला कळलं होतं का रे, की मला कळलंय? हे तेवढं विचारायचं राहिलं.

तुझ्या शेवटच्या आजारात मी बसलो होतो तुझ्या उशाशी. दम लागत होता तरी तू विचारलंस, मोटार कशी आहे. मी म्हटलं, तापते. तू डोळे मिटूनच म्हणालास, "मी नसलो तरी पट्ट्याला बोल लावायचा न्हाय." मी म्हटलं, "न्हाय लावत. बंबच गळतोय, गड्या." तू हसलास. हसल्यावर खोकला आला. त्यानंतर आपलं बोलणं असं झालंच नाही.

आता खरं सांगतो. आज उतरवून बघितलं, तर दोन्ही गेलेत. बंबाच्या खालच्या शिवणीची झाळ सुटलीय, नळ्यांत मलकापूरच्या विहिरींचा क्षार साचलाय. तो चिंचेच्या कोळानं निघेल, मी पहिल्यांदा चिंच ओतली तेव्हा तू म्हणाला होतास, "मोटारीला डोहाळं लागलं व्हय?" ट्यूबचे तुकडे चिरलेत, ते बदलीन. एवढं माझ्या हातचं आहे. पट्टा मात्र संपलाय. काठांना झिजून पातळ झालाय, जागोजाग भेगा आहेत. पण टाका एकही सुटलेला नाही. चामडं संपलं आणि शिवण राहिली, असा पट्टा तुझ्या हातून कधी झाला नव्हता. राग मानू नकोस.

आणि इथं माझं अडलं. परवा तुझा धाकटा भाऊ रसूल मिरजेहून आला. चांगला पोरगा आहे, तुझ्यासारखा भांडखोर नाही. मला म्हणाला, "भाईची हत्यारं घिऊन जातो. पडून गंजत्याली. पट्टं आता शिवणार कोण? तुमी बी मोटार इकून टाका, काका." बरोबरच होतं त्याचं. त्याला काय ठाऊक! मी त्याला काय सांगणार होतो? पट्टे शिवणारं माणूस जिवंत आहे, आत बसलंय, असं सांगितलं तर जे तू झाकलंस ते तू गेल्यावर मी उघडं पाडलं असं होणार. न सांगितलं तर आरी, रापी, दाभण मिरजेला जाणार, आणि कोल्हापुरातला सगळ्यात चांगला पट्टा शिवणारा हात उरलेला जन्म चटणी वाटणार. वहिनीला विचारावं, तर कसं? एरवी ती दारात येऊन बोलायची. आता नवऱ्यामागची तिची इद्दत चालू आहे; ते दिवस सरेपर्यंत परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दाराला पडदा, आणि पडद्यासमोर ओट्यावर रसूल, हत्यारांची पेटी जवळ घेऊन.

पेटी आज दुपारच्या गाडीनं जाणार होती. मी सकाळी जुना पट्टा खांद्यावर टाकला आणि तुझ्या गल्लीत गेलो. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. ओट्यापाशी आलो, तुझी रिकामी जागा बघितली, आणि मला एकच गोष्ट करता येते ती मी केली.

"पट्टा सरकला!" मी ओरडलो. "चढणीवर पार ढिला पडला! पट्ट्यातच खोट हुती!"

रसूल दचकून उभा राहिला. समोरचा अत्तरवाला दारात आला. तुझा शब्द मी मोडला, आप्पालाल, तोही तुझ्या ओट्यावर उभा राहून. पण दुसरा काय मार्ग होता सांग. कुणी शिवला याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तिला बोलायचं असेल तर बोलेल. नसेल तर एक तांबट दोस्ताच्या दुःखानं खुळा झाला, एवढंच गल्ली म्हणेल.

रसूलनं माझा हात धरला. "काका, बसा. पानी आनू?"

"पानी नगं," मी म्हटलं आणि आवाज आणखी चढवला. "जोडच धड तासला नव्हता ह्या पट्ट्याचा!"

"जोडाला नाव ठिवायचं न्हाय!"

पडद्याआडून आवाज आला. रडून बसलेला, पण खणखणीत. रसूलचा हात माझ्या हातावरून सुटला.

"जोड मी तासलाय," वहिनी म्हणाली. "दोन साल झालं, समदं जोड मीच तासतोय. एक बी सुटल्याला न्हाय. चामडं झिजलं त्याला मी काय करू? तुमचा बंब गळतोय, तेनं पट्टा भिजतोय, भिजला की सैल पडतोय. तुमच्या दोस्ताला मी कवाच सांगितलंतं. ते म्हनले, जाऊ दे, तांबट हारतोय की आपसूक."

म्हणजे तुला कळलं होतं. सगळं कळलं होतं. भजी खात होतास आणि हसत होतास. आप्पालाल, लेका, मी तिथं ओट्याची कड धरून खाली बसलो आणि तुझ्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. इतके दिवस पाहुण्यांच्या घोळक्यात मला रडू आलं नव्हतं.

रसूलनं पेटी उचलली आणि पडद्याखालून आत सरकवली. अत्तरवाल्याला म्हणाला, "काय बघताय? पट्टं हितंच हुत्यात." तुझाच भाऊ शोभतो.

"जुना पट्टा ठिवून जावा," आतून आवाज आला. "मापाला लागंल. आन वरवंटा टांगावा लागतोय, दोन दिस तरी घाई करू नगा."

मी पट्टा उंबऱ्यावर ठेवला. सवयीनं तोंडात आलं होतं, व्हय वहिनी, बंबच गळला, माझंच चुकलं. तेवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पण पडद्याखालून तिचा डावा हात आला, पट्टा ओढून घेतला, आणि जोडावर अंगठा फिरवत थांबला, तसाच जसा तू फिरवायचास. आणि मला वाटलं, हिच्यापुढं मुद्दाम हरणं म्हणजे हिला कारागीर न समजणं.

तुझी आठवण काढत मी आयुष्य काढीन, पण आभार आजच मानतो. मोटार दिलीस, मलकापूरची वाट दिलीस, हसू दिलंस. आणि जाताना तोडीस तोड भांडणारं माणूस मागं ठेवून गेलास.

मी उठलो आणि पडद्याकडे तोंड करून सांगितलं, "वहिनी, बंब मी आज झाळतो. थेंब गळायचा न्हाय. त्या उप्पर पट्टा सरकला, तर मी ऐकून घेणार न्हाय."

"बघू की," वहिनी म्हणाली.